मागच्या खोलीपर्यंत

"किती लांब न्यायचीय तार?" दुकानदारानं विचारलं. "मागच्या खोलीपर्यंत," ती म्हणाली. दुकानदाराच्या पाठीमागे भिंतभर तारांची रिळं टांगलेली होती. लाल, काळी, पांढरी, काही तर काचेसारखी आरपार, आतली तांब्याची वेणी दाखवणारी. तो हसला, पण कुचेष्टेनं नाही. "मावशी, तुमची मागची खोली मी कुठं पाहिलीय? मीटर सांगा. स्पीकर पाच मीटरवर असेल तर एक तार, वीस मीटरवर असेल तर दुसरी. मी आपली अंदाजानं दिली, तर उद्या तुम्हीच माझ्या नावानं बोटं मोडाल." मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. "मोजून येते," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. पण तो प्रश्न काही दुकानात राहिला नाही, तो तिच्याबरोबर चालायला लागला. एकतीस वर्षं ती दुसऱ्यांची अंगं मोजत आली होती. दारातून आत आलेल्या बाईचा खांदा केवढा, कंबर कुठं, हे तिला नजरेनं कळायचं. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आणि आपल्याच घरात पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत किती, हे तिला सांगता आलं नव्हतं. दिवसातून पन्नासदा ती तेवढं चालत होती. ते अंतर तिला कामांत ठाऊक होतं. सकाळचं औषध म्हणजे एक खेप, दूध म्हणजे एक, कूस बदलून देणं म्हणजे एक, चादर म्हणजे दोन. मीटर कुणी विचारले नव्हते.

दहा दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तपासून झाल्यावर हात धुताधुता, नळाकडे बघतच त्या म्हणाल्या, "आता त्यांना आवडेल ते करा." तिनं विचारलं, "आणि पथ्य?" "पथ्य राहू द्या आता." ज्या पथ्यावर तिनं आठ महिने जीव पाखडला होता, मिठाची चिमूट मोजली होती, ते त्यांनी टॉवेलला हात पुसावेत तसं पुसून टाकलं. ती दारापर्यंत सोडायला गेली, नमस्कार केला, आणि परत येऊन मधल्या बोळात उगाच उभी राहिली. आवडेल ते. काय आवडायचं त्याला? नवऱ्याची उजवी बाजू आठ महिन्यांपूर्वी गेली होती. बोलणंही तुटलं होतं, पण अगदी गेलं नव्हतं. एखादा शब्द, दुसरा शब्द, मध्ये मोठा खड्डा, असं करून तो पाणी मागायचा, खिडकी उघड म्हणायचा, एकदा तर तिच्या पांढऱ्या बटेकडे बोट करून "म्हातारी" असंही म्हणाला होता आणि डाव्या गालानं हसला होता. गेले सहा आठवडे मात्र तेही बंद झालं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटायचा. औषधाची गोळी जिभेखाली ठेवून मागाहून उशीवर टाकायचा. तिनं रागावून पाहिलं, आर्जवं करून पाहिली, देवाला नवस बोलूनही पाहिला. "अहो, माझ्यासाठी तरी एक घास," ती म्हणायची. यावर तो डोळे मिटून घ्यायचा, जणू तिच्यासाठीच तो घेत नव्हता.

घरी येऊन तिनं टेप काढली. दीड मीटरची, टोकाला पितळी पट्टी असलेली, कडेनं विरलेली. तार हवेतून जाणार नाही, भिंतीच्या कडेनं जाणार, हे तिला आपोआप कळलं. कापडही अंगावरून वळतच जातं. पुढच्या खोलीतल्या फडताळापासून तिनं सुरुवात केली. तिथं त्याचं ते सगळं होतं. भला जड अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, उभ्या लावलेल्या रेकॉर्डी, आणि दोन्ही बाजूंना लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. आठ महिन्यांत काही वाजलं नव्हतं, पण रोज सकाळी आंघोळ झाल्यावर मऊ कापडानं त्यावरची धूळ टिपायचा नेम तिनं धरला होता. नेम का, ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिच्या अंगात ताप असतानाही तो मोडला नव्हता. बाजूलाच, खिडकीखाली, तिचं मशीन. बिडाच्या पायांचं, पायानं चालवायचं, लग्नाआधीपासूनचं. गेली एकतीस वर्षं मशीन आणि स्पीकर एकाच खोलीत राहत आले होते, एका चुलीवरच्या दोन जावांसारखे.

तो चष्म्याच्या काचा घासायचा. एका चष्मेवाल्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर चाक फिरायचं आणि तो काच धरून बसायचा. संध्याकाळी घरी आला की त्याच्या कानांत ते चाक चालूच असायचं. "कान धुतो जरा," म्हणायचा, आणि तासभर रेकॉर्ड लावून खुर्चीत बसायचा. नेमका तोच तिच्या घाईचा तास. सकाळी द्यायचे कपडे रात्रीच्या स्वयंपाकाआधी पुरे करायचे असायचे. मग त्याचा डावा हात वर यायचा आणि तळव्यानं हवा खाली दाबल्यासारखी करायचा. थांबव. "दोन मिनिटं गं. इथं गाण्यात फार बारीक जागा आहे." "तुमची जागा बारीक, आणि माझं गिऱ्हाईक केवढं जाडं आहे ते उद्या दारात बघा," असं म्हणून ती पाय थांबवायची, पण असा थांबवायची की थांबवल्याचाही आवाज व्हावा. कधी हसण्यावारी जायचं, कधी नाही. एकदा ती म्हणाली होती, "या घरात एका माझ्या मशीनचाच तेवढा त्रास होतो सगळ्यांना." त्यानं उठून रेकॉर्ड अर्ध्यात थांबवली, पाकिटात घातली, फडताळात ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मग खोलीत मशीन एकटंच वाजत राहिलं. त्या संध्याकाळी तिनं झंपराच्या दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. लक्षात आलं तेव्हा कापड उरलं नव्हतं. ती चूक तिनं कुणाला सांगितली नाही, नवं कापड आणून गुपचूप भरून दिली, पण एवढ्या वर्षांनी टेप भिंतीला लावताना तिला आधी आठवल्या त्या त्या दोन डाव्या बाह्याच.

म्हणून तर त्याला इस्पितळातून घरी आणलं, तेव्हा पहिलं काम तिनं केलं ते मशीनचं. पुढच्या खोलीत बायका कपडे घालून बघायच्या, त्यामुळे पलंग तिथं ठेवता येणार नव्हता. तो मागे, मोरीजवळच्या खोलीत. त्याच्या खणात काचांना चकाकी द्यायच्या फेल्टचे गोल तुकडे पडले होते, लोकर दाबून केलेले, बोटभर जाड. ते तिनं दुहेरी करून मशीनच्या चारी पायांखाली घातले. चाकाला, पट्ट्याला, पायट्याच्या सांध्याला तेल दिलं. मधलं दार लोटलं, बोळाचं दार लोटलं. मग शेजारणीला मशीन चालवायला बसवून ती स्वतः मागच्या खोलीत, झोपलेल्या नवऱ्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली. काही म्हणजे काही ऐकू येईना. "झालं हो, आता मेल्या मशीनचा जाच नाही," ती शेजारणीला म्हणाली, आणि तेवढ्या संकटातही तिला त्या दिवशी हलकं वाटलं होतं. त्याच्यापुढं कामाचा विषयही ती काढायची नाही. हातातली कात्री, गळ्यातली टेप बाहेरच ठेवून, हात पुसून, तोंड हसरं करून मग ती दार ढकलायची.

आज मात्र टेप हातात घेऊनच तिला आत जावं लागलं. फडताळ ते मधलं दार, चार टेपा. बोळ, चार. मग पलंगाभोवतीनं एक तोंड उशाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. ती भिंतीला टेकून पट्टी सरकवत होती, तेव्हा त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे नाही, टेपकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिला. ओठ जरासे हलले. "काही नाही हो, जरा माप घेतेय," ती म्हणाली. त्यानं मान वळवली आणि पुन्हा भिंत जवळ केली. एका बाजूला सोळा मीटर, दुसऱ्या बाजूला एकोणीस. वर शिवणीसाठी सोडतात तशी थोडी माया. पण दोन्ही तारा सारख्याच हव्यात, तोच कधीतरी म्हणाला होता. म्हणजे वीस आणि वीस.

दुपारी मुलीचा फोन आला, दुसऱ्या शहरातून. "आई, तू पण ना. हाताएवढी डबी मिळते आता. तार नाही, बीर नाही. उशाशी ठेवली की झालं."

"तुझ्या बाबांनी जन्मभर त्या दोन खोक्यांतून ऐकलं. डबीतून ऐकवलं तर त्यांना वाटेल शेजाऱ्यांकडे वाजतंय."

"मग सगळं सामानच मागे ने."

"आणि ठेवू कुठं, माझ्या डोक्यावर? पाऊल टाकायला जागा नाही तिथं. खोकी पलंगाशेजारी कशीबशी मावतील. शिवाय रेकॉर्ड पुढेच बरी. मशीनवरून हात लांब केला की पालटता येते."

मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "मी येऊ का गं?"

"ये की. पण रडायला येऊ नकोस. रडायचं असलं तर रडून ये."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा दुकान रिकामं होतं. "वीस आणि वीस," तिनं सांगितलं. दुकानदारानं आधी काढली ती परदेशी तार, जाळीदार कवचाची, सापासारखी गार, टोकांना सोनेरी मुलामा. "ही न्या, मावशी. ऐकणारा माणूस नाव काढेल." तिला हसू आलं. असली तार नवऱ्यानं एकदा एका श्रीमंत मित्राकडं पाहिली होती आणि घरी येऊन म्हणाला होता, टोकांना सोनं लावलं म्हणून गाणारीच्या अंगावर दागिने चढत नाहीत. "परवडेल अशी दाखवा," ती म्हणाली. त्यानं ती आरपार, बारीक तार काढली. तिनं बोटात धरून पाहिली, शिवणाच्या दोऱ्याची जाडी पाहावी तशी. खुर्चीत बसून नवऱ्यानं सांगितलेलं तिनं तेव्हा कधी मन लावून ऐकलं नव्हतं. टाका मोजता मोजता अर्ध्या कानानं ऐकलेलं, आता जसंच्या तसं वर येत होतं. जवळ असेल तर कुठलीही चालते गं, लांब न्यायचा तर तार जाड हवी, नाहीतर आवाज वाटेतच दमतो. "ही नको," ती म्हणाली. "घरातल्या विजेला घालतात ना, साधी, दोन पदरी, तांब्याची, अडीच जाडीची. ती द्या."

दुकानदार बघतच राहिला. "स्पीकरला अडीचची घाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घरात माणूस आहे," ती म्हणाली.

त्यानं एक गुंडाळी पुढे केली. तिनं पिशवीतून छोटी कात्री काढली, टोक सोललं आणि पात्यानं तांब्यावर एक ओरखडा ओढला. खाली पांढरं निघालं. "हे वरून तांबं आहे, भाऊ. आतून अ‍ॅल्युमिनियम."

"काय मावशी!" तो ओशाळून हसला. "आमच्या धंद्यात या, मी शिवायला बसतो."

"कापडवाल्यांनी शिकवलंय. वरचा रंग बघून मी घेत नाही."

मग त्यानं खरी तार काढली, काउंटरच्या पट्टीवर मोजली, अर्धा मीटर जास्तच सोडली. गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "पक्की बसवायचीय की तात्पुरती? पक्की असेल तर खिळ्यांच्या क्लिपा देतो, तात्पुरती असेल तर नुसती चिकटपट्टी पुरे." काल मीटर विचारले होते, ते मोजता आले. याला टेप कुठून लावायची? तो तिच्याकडे बघत होता, हातात एका बाजूला क्लिपांची पुडी, एका बाजूला चिकटपट्टी. दुकानात पंखा फिरत होता आणि टांगलेल्या तारांची टोकं हळूहळू हलत होती. "पक्की," ती म्हणाली.

तिनं अर्धा दिवस घेतला. हातोडीच्या तोंडाला चिंधी गुंडाळली, खिळे ठोकल्याचा त्याला त्रास नको म्हणून. काळी तार भिंतीच्या पायाशी धरून एकेक क्लिप बसवत ती सरकत होती, गुडघ्यांवर, जमिनीला कान लावल्यासारखी. दाराच्या फटीतून तार अल्लद गेली. दोन पदरांतला कुठला कुठं लावायचा, ते तिला आठवत होतं. एका टोकाला उलट झालं तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढतात आणि आवाज पोकळ होतो, घराला भांडण लागल्यासारखा. म्हणून एका पदराला दोन्ही टोकांशी तिनं लाल दोरा बांधला, आणि लाल ते लाल जुळवलं. शेजारणीनं हात दिला, खोकी मागे आली. पलंगाच्या या अंगाला एक, त्या अंगाला एक. तो भिंतीकडे तोंड करून होता, त्याच भिंतीपाशी एक खोकं आलं. ते पाहून त्याचे डोळे किंचित मोठे झाले, एवढंच.

उन्हं तिरपी झाली तेव्हा ती पुढे गेली. एक रेकॉर्ड तिला ओळखता यायची, कोपरा दुमडलेलं पाकीट असलेली. त्या गाण्याच्या मध्यावर एक बारीक जागा होती, जिथं तो हमखास हात वर करायचा. तिनं ती लावली, सुई टेकवली आणि धावतच बोळातून मागे आली. तिच्याआधी आवाज पोचला होता. खोली भरून गेली होती. दमलेला नव्हता, पोकळ नव्हता. गाणारी बाई जणू पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिला वाटलं, देवा, एवढंच हवं होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आधी काहीच नाही. मग ती बारीक जागा आली. आणि त्याचा डावा हात पांघरुणातून वर आला, तळवा खाली, आणि हवा दाबायला लागला. थांबव. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ओळख पटली, जुनी सवय परतली. "अहो, मशीन बंद आहे," ती हसून म्हणाली. "मी इथं आहे ना तुमच्यापाशी. कुणी शिवत नाहीये." हात पुन्हा खाली दाबला. मान उशीवर हलली, नाही, नाही. "बंद," तो म्हणाला. सहा आठवड्यांनंतरचा पहिला शब्द. "गाणं?" "बंद."

ती बोळातून पुढे गेली. येताना धावली होती, आता सावकाश. सुई उचलली. उचलताना ती रेकॉर्डवर घसरली आणि एक खरखरीत ओरखडा मागच्या खोलीपर्यंत गेला. परत येऊन ती पलंगाच्या कडेला बसली. खोली पूर्वीसारखी शांत झाली होती, फक्त दोन खोकी जास्त. तो तिच्याकडे बघत होता, सरळ, फार दिवसांनी. "दिवसभर," तो म्हणाला. मग खड्डा. "कुठं... असतेस?"

"म्हणजे काय? घरात. कुठं जाणार?"

"कामाला."

"अहो, घरातच काम. मशीनवर."

त्यानं मान हलवली. कानाला बोट लावलं. "येत नाही."

"काय येत नाही?"

"मशीन." छाती वरखाली झाली. ओठांचा डावा कोपरा जुळवत, ओढत, त्यानं ते वाक्य पुरं केलं. "विकलंस... माझ्यापायी."

तिला आधी कळलं नाही. मग एकेक करून सगळं कळायला लागलं, उसवताना एक दोरा ओढावा आणि पुढची शिवण आपोआप सुटत जावी तसं. मिटलेले ओठ. उशीवरच्या गोळ्या. टेपकडे लागलेले डोळे, की ही टेप अजून हिच्याकडे कशी. मशीन गेलं, आपल्या औषधांत गेलं, आणि ही बिचारी कुणाच्या दारात राबायला जाते आणि येऊन हसून दाखवते. म्हणून एकेक गोळी कमी. एकेक घास कमी. "नाही हो, नाही," ती म्हणाली, आणि तिचा स्वर घरभर गेला. "पायांखाली फेल्ट घातलंय मी. तुमच्या खणातलं. दारं लावून घेते. तुम्हाला त्रास नको म्हणून. तुम्ही नाही का म्हणायचात, थांबव म्हणून?" तो ऐकत होता. डाव्या डोळ्यातून पाण्याची एक रेघ कानाकडे गेली. "त्रास," तो म्हणाला, आणि ते विचारणं होतं की कबुली, ते तिला कळलं नाही. मग फार हळू, "चालव."

ती उठली. बोळाचं दार भिंतीला लागेपर्यंत उघडलं, मधलं दार उघडलं. जमिनीवर बसून मशीनचा एकेक पाय खांद्यानं उचलून धरला आणि फेल्ट ओढून काढलं. ते दबून पातळ, काळं झालं होतं, आणि प्रत्येकावर बिडाच्या पायाचा गोल ठसा होता. मग ती स्टुलावर बसली. द्यायचं काम काही नव्हतं, कालच सगळं पुरं केलं होतं. चिंध्यांच्या पेटीतून तिनं एक लांब पट्टी काढली, पायट्यावर पाय ठेवला आणि चाकाला हात दिला. उघड्या फरशीवर मशीन खडखडलं. मेली केवढी ही खडखड, तिला स्वतःलाच वाटलं. पट्टीवर सरळ शिवण पडत गेली, कशाला कशाशीही न जोडणारी. भिंतीच्या पायाशी ती काळी तार बोळातून मागे गेली होती, क्लिपांनी पक्की. आता तिच्यातून काही जात नव्हतं. आवाज तारेवाचून जात होता, उघड्या दारांतून, आठ महिन्यांपूर्वीही गेला असता तसाच.

पट्टी संपत आली. पोचतंय का? त्यानं डोळे मिटले असतील का, की तो दाराकडे तोंड करून पडला असेल? हात वर आला असेल का? जाऊन बघायचं तर पाय थांबवावा लागणार होता, आणि पाय थांबला की मागच्या खोलीत पुन्हा तीच शांतता होणार होती, जी आठ महिने होती. पाय चालू ठेवून तिनं मान वळवून बघितलं. बोळाच्या टोकाला पलंगाचा फक्त पायथा दिसत होता, आणि पांघरुणाखाली पावलांचा उंचवटा. तो हलत होता की उन्हाची तिरीप हलत होती, ते सांगता येत नव्हतं. तिनं पट्टी उलटी केली आणि त्याच शिवणीवरून परत सुरुवात केली. बाहेर अंधारायला लागलं, दोरा संपला, सुई नुसतीच कापडाला भोकं पाडत राहिली. तिनं पाय थांबवला नाही.